सावड आणि साक्ष

पवनेकाठचं आपलं गाव
२५ जून २०२३

प्रेरणे,

आशीर्वाद हायेतच, ते दर खेपेला मांडत बसणार न्हाई. उगा शाई जाते.

तुझा फोन पोलिसांनी नेला, मास्तरानं धाडलेलं सगळं त्यात हाय म्हणून. आणि तुझ्या बापाच्या फोनवर बोलायचं तर अंगणाच्या टोकाला उभं राहून वरडावं लागतं, तवा कुटं रेंज येते. मंग अर्धी आळी ऐकते. म्हणून हा कागद. चौथीपर्यंत शिकले त्याचा कायतरी उपेग होऊ दे. अक्षर वाकडं हाय, ते गोड मानून घे.

सवितेच्या घरी आळशीपणा करू नको. आत्या असली तरी तिच्या घरात तू पाव्हणी न्हाईस. तिच्यासंगं बंगल्यांच्या चादरी धुवायला जात जा, नुसती खिडकीत बसून रडलीस तर डोळे जातील आणि चादरी बी राहतील.

हितलं सांगते. कायदा म्हणतो, पोरीला भ्या वाटू नये म्हणून पोलीसबाईनं साध्या कापडात घरी यावं. आली बाई, चांगला फुलाफुलांचा ड्रेस घालून आली. पण आली दिव्याच्या गाडीतून, आणि गाडी लावली मारुतीच्या पारासमोर. कायदा म्हणतो, पोरीचं नाव पेपरात यायचं न्हाई. न्हाई आलं. ‘पवना परिसरातील शाळेची दहावीची कबड्डीपटू विद्यार्थिनी’ असं आलं. आपल्या शाळेत दहावीच्या कबड्डी खेळणाऱ्या पोरी दोन. तू आणि डोंगरवाडीची सुषमा. म्हंजी नाव सोडून बाकी सगळं छापलं.

गाव म्हणतं, कैलास मास्तरासारखा मास्तर न्हाई. त्यानं खेळवलं म्हणून दोन पोरी पोलिसात लागल्या. मी म्हणते, लागल्या ना, मंग त्यांनाच धाडा त्याला बेड्या घालायला. खेळाच्या खोलीत सरावाच्या नावाखाली पोरींना मागं थांबवून तो काय करत व्हता, हे कुणी विचारत न्हाई. विचारतात ते इतकंच, की पोरीनं हे आजीला सांगायचं काय नडलं व्हतं.

मास्तराचा चुलता कोंडाजी आबा. जमीन त्याची, चिखलणीचा ट्रॅक्टर त्याचा, देवळाची किल्ली त्याच्याकडं. तो अजून काय बोलला न्हाई. रस्त्यात दिसला तर राम राम बी घालतो.

औंदा सावडीत आपली पाळी शेवटची लागली. तुझे आईबाप रोज कुणाच्या ना कुणाच्या खाचरात कंबर मोडतायत, सगळ्यांची लावणी उरकली की मंग सगळे आपल्याकडं येतील. सुषमानं बी तुझ्यासारखीच जबानी दिली. दोघी हाईत म्हणून केस जड हाय, असं पोलीसबाई म्हणाली.

आता एकच सांगते आणि परत सांगणार न्हाई. पोलिसाला जे बोललीस तेच कोर्टात बोलायचं. रडून, मायेनं, धाकानं, कुणी कसंबी आलं तरी.

बयाबाई
(आजीच, पण सही करायला अशीच शिकवलीय)


कुसगाव
९ जुलै २०२३

आजी,

तुझं पत्र आत्यानं आधी फोडलं. वाचून हसली, मग पाठ करून भांडी घासायला लागली.

माझा जबाब कोर्टातल्या मॅडमसमोर झाला. छोटी खोली होती, त्यांनी पाणी दिलं, दार लावून घेतलं. मला विचारलं, ‘तुला कुणी शिकवून पाठवलंय का?’ माझ्या तोंडावर आलं होतं की शिकवणाऱ्यानंच तर हे केलंय. पण गिळलं. तुझी नात असले तरी तितकी नाही. जे झालं ते सगळं सांगितलं. पाण्याचा ग्लास शेवटपर्यंत माझ्या हातातच होता. त्या मॅडमनीच काढून घेतला.

माझ्या केससाठी एक ताई नेमल्या आहेत. त्या म्हणतात, कोर्टात मध्ये पडदा असेल, तुला तो दिसणार नाही. एका वर्षात निकाल लागायला हवा असं कायद्यातच आहे. मी विचारलं, लागतो का? त्या म्हणाल्या, लागायला हवा.

इथल्या शाळेत अजून घेतलं नाही. क्लार्क म्हणतो, आधीच्या शाळेचा दाखला आणा. ताई म्हणतात दाखल्यावाचून अडवता येत नाही. क्लार्क म्हणतो, मी कुठं अडवलंय, आणा म्हणतोय. आपले हेडमास्तर दाखला देत नाहीत. म्हणून मी रोज आत्याबरोबर चादरींना जाते. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं भिजायला येतात आणि आम्ही त्यांच्या चादरी कुठं वाळतील ते शोधत फिरतो. आत्या म्हणते, या लोकांना पाऊस आवडतो कारण यांच्या दोऱ्या दुसरं कुणी बांधतं.

आजी, मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीनं. आपली पाळी शेवटची आहे. लोक आले ना? खरं सांग. माझ्या बोलण्यानं आपलं खाचर मोकळं राहिलं, आईबाबांवर ही वेळ आली, असं झालं तर मला कोर्टात तोंड उघडता येणार नाही. मी स्वतःला ओळखते. सुषमा कशी आहे तेही कळव. ती आहे म्हणून मला बळ आहे.

प्रेरणा


२३ जुलै २०२३

प्रेरणे,

लावणी झाली. काळजीचं खोकं बांधून माळ्यावर टाक.

सगळे आले. आक्काबाई सगळ्यात आधी आली, कोंडाजीची सून असून. लुगड्याचा काचा मारला आणि थेट चिखलात. गाणी बी म्हणली बायांनी. तुझ्या आईनं तांदळाच्या भाकरी केल्या, मी बोंबलाचं कालवण केलं, दोन येळा वाढलं तरी लोक हात पुढं करत व्हते. इंद्रायणी लावलीय, खालचं खाचर बांधापर्यंत हिरवं दिसतंय. सुषमा बी बरी हाय. बायडाबाई, तिची आजी, भेटली व्हती. म्हणाली, पोरगी ठाम हाय.

तू यायचं न्हाई. सविता म्हणंल तवाच पाय उचलायचा.

आता मजा सांगते. हेडमास्तर आला व्हता घरी. हातात लोणावळ्याच्या चिक्कीचा पुडा. माझ्या तोंडात दात किती, ते त्याला शिपायानं सांगितलं नसंल. पुडा ओसरीवर ठेवला आणि म्हणाला, “बयाबाई, मुलीच्या भविष्याचा विचार करा.”

मी म्हणलं, “तेच करतेय. तुमी दाखला द्या, ती शाळेत जाईल. झालं भविष्य.”

मंग मान खाली घातली. “माझ्यावरही गुन्हा टाकलाय हो. शाळेतल्या एका मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं आणि मी पोलिसांना कळवलं नाही म्हणून. माझी रिटायरमेंट जवळ आलीय.”

“तुमच्या खोलीच्या शेजारची खोली व्हती ना खेळाची?”

“भिंत आहे मध्ये.”

“कान भिंतीच्या कुठल्या बाजूला ठेवले व्हते?”

त्यानं पुडा माझ्याकडं सरकवला. मंग म्हणाला, मिटवून घेऊ. मी म्हणलं, पोलीसबाई सांगून गेलीय, या कायद्यात तडजोड बसत न्हाई. तर उठता उठता म्हणतो, “कायद्यात नाही बसत बयाबाई. गावात बसते.”

चिक्की कुत्र्याला घातली. त्याला बी न्हाई फुटली.

पर दाखला येईल. त्याचा चेहरा बघितलाय मी.

बयाबाई


कुसगाव
६ ऑगस्ट २०२३

आजी, आजी, आजी,

दाखला आला! मी शाळेत जाते. शेवटच्या बाकावर बसते, कुणाला काही माहीत नाही, आणि गणिताच्या बाई मला ‘नवीन मुलगी’ म्हणतात. मला ते नाव फार आवडतं.

आणि तुझं पत्र मी उशीखाली ठेवलंय. सगळे आले, हे मी किती वेळा वाचलं असेल. म्हणजे लोकांना कळलंय, आजी. तोंडानं बोलत नसतील, पण चिखलात उतरले म्हणजे कळलंय. ताईंना सांगितलं तर त्याही म्हणाल्या, असं गाव फार कमी असतं.

आक्काकाकूचं तर मला इतकं वाटलं, की तो त्यांच्याच घरातला असूनही त्या आल्या. मी त्यांना पत्र लिहिलं. जास्त काही नाही. तुम्ही सगळे आमच्या लावणीला आलात, आईबाबांना एकटं पाडलं नाहीत, हे उपकार मी विसरणार नाही, एवढंच. पोस्टात टाकलं. मिळालं का, त्यांना विचारशील?

बाबा मागच्या आठवड्यात येऊन गेले. त्यांच्या बोटांची सालं गेलीत, पाय फुटलेत. मी म्हटलं, एवढे लोक होते तरी? ते म्हणाले, औंदा पाऊस लय हाय. घाईत होते, चहाही घेतला नाही.

प्रेरणा


१४ ऑगस्ट २०२३

प्रेरणे,

गावात कुणाला कागद लिहायचा न्हाई. आक्काबाईला तर न्हाईच न्हाई. का ते विचारू नको. लिहायचंच असंल तर मला लिही, न्हाईतर वहीत गणितं सोडव.

म्हैस व्याली. रेडा झाला.

बयाबाई


कुसगाव
१७ नोव्हेंबर २०२४

आजी,

परवा कोर्ट झालं. एका वर्षाचं दीड वर्ष लागलं. एवढ्या दिवसांत तू मला म्हशीचं लिहिलंस, पावसाचं लिहिलंस, हेडमास्तरांची बदली झाली ते लिहिलंस. दर पत्रात लिहिलंस की सुषमा ठाम आहे. आता मी लिहिते.

कोर्टाच्या चार दिवस आधी बाबा आले. आत्याच्या घरात शिरलेच नाहीत, बाहेर पायरीवर बसले. मी पाणी नेलं. म्हणाले, “बस.” मी बसले. मग खाली बघून सगळं सांगितलं. की त्या वर्षी लावणीला सावडीतलं कुणीच आलं नाही. की यंदाही आलं नाही, ट्रॅक्टर मिळाला नाही, निम्मं रान पडून राहिलं. की आईला विहिरीवर बायका जागा देत नाहीत. की सुषमाला तिच्या मामाकडं खोपोलीला पाठवून वर्ष झालं, आणि तिच्या घरच्यांनी पोलिसांना सांगितलंय की पोरगी काही बोलणार नाही.

मी म्हटलं, “आजीनं तर लिहिलंय...” बाबा म्हणाले, “तिचं ऱ्हाऊ दे.”

मग म्हणाले, “कोंडाजी आबानं सांगितलंय. तू फकस्त आठवत न्हाई म्हण. येत्या लावणीला पहिली पाळी आपली.” मी त्यांच्याकडं बघत राहिले, तर तोंडावर हात घेऊन म्हणाले, “मी तुला सांगत न्हाई काय कर म्हणून. मी फकस्त सांगतोय.”

मी तरीही खरंच बोलणार होते, आजी. गाडीत बसले तेव्हा बोलणार होते. पायऱ्या चढले तेव्हाही.

पडदा होता. हिरवा, दवाखान्यात असतो तसा. ताई शेजारी बसल्या होत्या. न्यायाधीश चांगले होते, हळू बोलत होते. मला तो दिसला नाही. पण हजेरी घ्यायच्या आधी तो घसा खाकरायचा ना, तसाच खाकरला. मुद्दाम की सवयीनं, मला माहीत नाही. आणि माझं अंग आपोआप सरळ झालं, बाकावर बसल्यासारखं. तोंडात ‘हजर सर’ आलं.

सरकारी वकीलबाईंनी विचारलं, खेळाच्या खोलीत काय झालं? मी म्हटलं, मला आठवत नाही. फोनमधले मेसेज दाखवले. मी म्हटलं, फोन सगळ्याच मुली वापरायच्या.

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी न्यायाधीशांना काही सांगितलं, आणि मग कागदावर माझ्या नावापुढे फितूर असा शब्द आला. ताई म्हणाल्या, त्याची तुला शिक्षा नाही, मुलांना नसते. मग बाईंनी मला विचारलं, ‘तुझ्या घरावर गावानं बहिष्कार टाकलाय का? त्या दबावाखाली बोलतेस का?’ मला कळलं, की त्यांनी दार उघडलंय. एक ‘हो’ म्हटलं असतं तर चाललं असतं. मी तोंड उघडलं होतं, आजी. खरंच.

तेवढ्यात त्याचे वकील उठले आणि एक पत्र काढलं. मी आक्काकाकूंना लिहिलेलं. मोठ्यानं वाचलं. ‘तुम्ही सगळे आमच्या लावणीला आलात, आईबाबांना एकटं पाडलं नाहीत.’ विचारलं, अक्षर तुझं का? मी म्हटलं, हो. ‘मग बहिष्कार कुठला?’ मी उघडलेलं तोंड मिटलं.

तू मला खोटं का लिहिलंस? तू खरं लिहिलं असतंस तर मी रागानं तरी उभी राहिले असते. दीड वर्ष राग साठवला असता. तू मला आनंदात ठेवलंस, आणि तो आनंद बाबांनी पायरीवर बसून एका दमात काढून घेतला. मग माझ्याकडं काहीच नव्हतं.

पुन्हा पत्र लिहीन की नाही माहीत नाही.

प्रेरणा


१ डिसेंबर २०२४

प्रेरणे,

राग केलास ते बरं केलंस. तेवढं तरी शाबूत हाय.

त्या दिसाचं आता खरं लिहिते. भाकरी केल्या व्हत्या, कालवण केलं व्हतं, ते खोटं न्हाई. आपल्याकडं सावडीला बोलवायला जात न्हाईत, तुला ठावं हाय. ज्याच्या रानात आपण राबलो तो आपणहून येतो. बोलवायला जाणं म्हंजी त्याच्या इमानावर शंका घेणं. म्हणून मी गेले न्हाई. बांधावर टोपली घेऊन बसले. रोपं उपटून जुड्या बांधून ठेवल्या व्हत्या. आक्काबाईचा उंबरा तितनं दिसतो. ती दारात उभी व्हती, माझ्याकडं बघत. मंग आत गेली.

आली ती फकस्त बायडाबाई, दोन बायांना घेऊन. सावडीत ती न्हाईच, तिचं आपल्याकडं काय देणं लागत नव्हतं. दुपारपर्यंत ओणवी व्हती. मंग कोंडाजीचा माणूस येऊन बांधावरनं म्हणाला, “हितं ज्यांचे हात चिखलात दिसतील त्यांना औंदा कुटंच काम न्हाई.” डोंगरवाडीचं पोट रोजावर चालतं. बायडाबाईनं हात धुतले. मला म्हणाली, “बया, जाते.” मी म्हणलं, “जा.” आणखी काय म्हणू? पुढल्या महिन्यात तिनं सुषमाला खोपोलीला धाडली. तिला मी बोल लावत न्हाई.

राहिलेलं आमी तिघांनी लावलं, जमलं तेवढं. बाकी जुड्या बांधावर पिवळ्या पडल्या. कालवण म्हशीला चालत न्हाई म्हणून ओढ्यात ओतलं.

घरी येऊन कागद घेतला. तुझं पत्र समोर व्हतं, लोक आले न्हाईत तर तोंड उघडणार न्हाई असं लिहिलेलं. म्हणून जशी व्हायला पायजे व्हती तशी लावणी लिहिली. आक्काबाईला पुढं घातली, कारण ती उतरली असती तर बाकीच्या उतरल्या असत्या. ते मला बांधावर बसल्या बसल्याच दिसत व्हतं. तू तिला कागद धाडशील हे डोक्यात आलं न्हाई. कोंडाजीनं तो पारावर वाचून दाखवला. लोक लय हसले. मला वाटलं, हसून जिरंल. त्यानं तो जपून ठेवलाय, हे कुणाला कळणार?

खरं सांगितलं असतं तर तू उभी राहिली असतीस म्हणतेस. असंल. न्हाईतर तू तवाच फिरली असतीस. आता दोन्ही बोलायला सोपं हाय. मी माफी मागत न्हाई, मला ती येत न्हाई, आणि माफीनं तुझं काय भागणार हाय?

तो शब्द मात्र अंगाला लावून घेऊ नको. आपल्या हातची लावणी करून घेऊन घरात बसलेली माणसं गावात ताठ मानेनं फिरतात. त्यांच्या नावापुढं कुणी काय लिहिलं न्हाई.

अकरावीला हायेस, अभ्यास कर. हिकडं येऊ नको.

बयाबाई


कुसगाव
२२ जून २०२५

आजी,

बाबांचा फोन आला होता आत्याला. म्हणाले, सर निर्दोष सुटले ते सुटलेच, आता शाळा उघडल्यापासून परत रुजू झालेत. मुलांनी लेझीम खेळून आत नेलं म्हणे. मला रडू आलं नाही.

बाबा असंही म्हणाले की तू रोज शाळेत जाऊन बसतेस. व्हरांड्यात, खेळाच्या खोलीसमोर. लोक हसतात. बाबांना लाज वाटते. आजी, कशाला? माझं व्हायचं ते झालं. तुझे गुडघे दुखतात, वरनं पाऊस. आता तू बसलीस काय आणि न बसलीस काय.

घरी जा. मी सांगते म्हणून तरी.

प्रेरणा


६ जुलै २०२५

प्रेरणे,

तुझ्या बापाला सांग, लाज एवढी जवळ असंल तर थोडी वाटून टाक, गावात कमी पडतेय.

सावड आली. कबूल केल्यापरमाणं पहिली पाळी आपली. ट्रॅक्टर आला, सगळी घरं आली, एका दिसात दोन्ही खाचरं हिरवी. मी वाढलं. दारात राबायला आलेल्याला उपाशी धाडत न्हाईत, म्हणून वाढलं. आक्काबाई माझ्यासमोर बसून जेवली. म्हणाली, “मावशी, तुमच्या हातची चव कुणाला न्हाई.” मी म्हणलं, “दोन वरसं वाट बघितलीस ना, म्हणून लागली.” तिनं पान संपवलं. हात धुताना रडत व्हती. रडू दे.

आता शाळेचं. मी रोज सूप आणि तांदूळ घेऊन जात व्हते. व्हरांड्यात बसायचं, खडे निवडायचे, पोरी सरावाला आत गेल्या की दाराकडं तोंड करून बसायचं. मास्तर पहिल्या दिवशी मला बघून जरा थबकला. दुसऱ्या दिवशी हात जोडले. “आजी, चहा सांगू?” मी म्हणलं, “दार उघडं ठेव, चहा नको.” त्यानं दार उघडं ठेवलं. म्हंजी मी बसले व्हते तवर ते दार उघडं व्हतं. तू विचारतेस ना, बसून काय व्हतं. एवढंच व्हतं.

गेल्या सोमवारी नव्या हेडबाई आल्या माझ्याजवळ. बाई वाईट न्हाई. शेजारी खाली बसली, साडी भिजली तरी. म्हणाली, “मावशी, वरून नवीन नियम आलेत. मुलींच्या सुरक्षेसाठी. कॅमेरे लावायचे, तक्रारपेटी लावायची, आणि बाहेरच्या कुणालाही आवारात बसू द्यायचं नाही.”

मी म्हणलं, “मी त्याच्यासाठीच बसलेय.”

“ते मला कळतं. पण तुम्ही बाहेरच्या.”

“आणि तो?”

“ते स्टाफ आहेत, मावशी.”

तिनं माझं सूप उचललं, तांदूळ सांडू न देता फाटकापर्यंत आणून दिलं. तिच्या डोळ्यांत पाणी व्हतं. गावात पाणी सगळ्यांच्याच डोळ्यांत हाय बघ. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली. विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेसाठी बाहेरील व्यक्तींस प्रवेश मनाई. जाड अक्षर हाय, मला चष्म्याबिगर वाचता येतं.

आता मी फाटकाभाईर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसते. तितनं कॅमेरा दिसतो, तो मैदानाकडं बघतो. तक्रारपेटी दिसते, हेडबाईच्या खोलीच्या दाराशी, पोरींनी कागद टाकला तर टाकताना सगळ्यांना दिसावा अशी. खेळाच्या खोलीचं दार दिसत न्हाई. पायरी दिसते.

काल शाळा सुटली. पोरी भाईर आल्या, छत्र्या उघडत, खिदळत गेल्या. सगळ्या गेल्या तरी पायरीवर एक चपलांचा जोड राहिला. लहान व्हता, आठवीतल्या पोरीचा असंल. मी वाट बघितली. मंग फाटकाशी गेले आणि हाक मारली. तिचं नाव मला ठावं न्हाई, म्हणून तुझंच घेतलं. “प्रेरणे, भाईर ये.” दोनदा मारली, तीनदा मारली.

शिपाई आला. “मावशी, मागं व्हा, फाटक लावायचंय.”

मी म्हणलं, “आत पोरगी हाय.”

“सराव चाललाय,” तो म्हणाला, आणि त्यानं कडी लावली.

बयाबाई